जॅको पास्टोरियसचे हार्मोनिक्स: 'स्वयंभू' की 'सहायक'?

तारांगण: जॅझमधला बेस गिटारवादक जॅको पास्टोरियस याच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमवर टिपण लिहितेय. त्यातल्या 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी'त तो बेसची तार बऱ्याच ठिकाणी दाबतच नाही. तिच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्शावर बोट नुसतं टेकवून छेडतो आणि घंटेसारखा स्वच्छ, उंच स्वर निघतो. या 'हार्मोनिक'ला मी 'स्वयंभू स्वर' लिहिलं, संपादकांनी खोडून 'सहायक नाद' केलं. जाणकारांनी सांगावं.

जुनापुराणा: संपादकांचं बरोबर आहे. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार कुणी वाजवत नाही, खर्जाच्या (सर्वांत खालच्या 'सा'च्या) तारेतून तो आपोआप ऐकू येतो. नेमकी जागा हेरून काढलेला स्वर स्वयंभू कसा?

तारांगण: तो स्वर तारेत आधीपासून असतोच की. बोट टेकल्यावर बाकीचे विझतात, तो उरतो. आणि 'सहायक' म्हणजे मदतीला आलेला. इथे तर अख्खी चाल त्याच स्वरांची आहे!

रेघोटी: आमच्या व्हायोलिनच्या बाई 'पोकळ सूर' म्हणायच्या. पुस्तकात कुठे दिसला नाही, पण कान लगेच ओळखतो. मला तोच आवडतो.

जुनापुराणा: 'पोकळ' म्हणजे कस नसलेला. नको. मुळात 'बेस' तरी कशाला? 'खर्ज गिटार' म्हणा. षड्जाचाच खर्ज झाला, ष चा ख करून. घरचा शब्द आहे.

मंद्रसप्तक: घरचा आहे, पण खर्ज ही स्वराची जागा आहे, वाद्याची जात नव्हे. त्याच अल्बमचा आरंभ ऐका: 'डोना ली', सॅक्सोफोनवर धावणारी बीबॉपची (जॅझच्या वेगवान शैलीची) चाल, सोबतीला फक्त काँगा हे हातांनी वाजवायचे ढोल. ती चाल त्याने बेसवर इतकी सुटी, दाणेदार वाजवली आहे की खर्ज लावून बसणं तिथे आठवतही नाही. वाजवणारे सगळे 'बेस'च म्हणतात, आपणही म्हणावं.

रेघोटी: त्याच्या बेसला पडदे (फ्रेट) नव्हते, लाकडावर इपॉक्सीचा, म्हणजे कडक राळेचा, थर होता. म्हणून स्वर गातो. 'वेदर रिपोर्ट' या बँडसोबतच्या 'अ रिमार्क यू मेड'मधल्या मींडा ऐका, एकेक स्वर कसा रेंगाळत पुढच्यावर जातो!

मंद्रसप्तक: मींड म्हणू नका. मींड सतारीवर, तार पडद्यावर आडवी ओढून. बोट तारेवरून सरकवलं की घसीट.

जुनापुराणा: घसीट पडद्यांच्या वाद्यावर. बिनपडद्याच्या वाद्यावर सूत.

रेघोटी: गवय्याच्या गळ्यात कुठे पडदे असतात? तरी त्याची मींडच ना?

तारांगण: टिपण उद्या द्यायचंय. स्वयंभू ठेवू की सहायक?

मंद्रसप्तक: गळ्याची गोष्ट वेगळी. सरोदवाले काय म्हणतात ते आधी पाहू, त्यालाही पडदे नसतात.