मखोसिनी ड्लामिनी यांनी १९७३ ला राजीनामा द्यायला हवा होता

रानवाट:
स्वाझीलँडचे (आताचं एस्वातिनी) पहिले पंतप्रधान राजपुत्र मखोसिनी ड्लामिनी. राजघराण्यातले, आधी शिक्षक होते. १९६७ ते १९७६ पंतप्रधान; ६ सप्टेंबर १९६८ ला देश त्यांच्याच काळात स्वतंत्र झाला. हे श्रेय त्यांचंच. पण १९७२ च्या निवडणुकीत विरोधी एनएनएलसी (न्ग्वाने नॅशनल लिबरेटरी काँग्रेस) पक्षाला २४ पैकी ३ जागा मिळाल्या आणि तेवढ्याही सरकारला सहन झाल्या नाहीत. निवडून आलेल्या बेकिंद्लेला न्ग्वेन्यांना परदेशी ठरवून हद्दपार केलं. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला, तर सरकारने कायदाच बदलला. अपील न्यायालयाने तोही घटनाबाह्य ठरवला. मग १२ एप्रिल १९७३ ला राजा सोभुझा दुसरे यांनी राज्यघटना रद्द करून पक्षांवर बंदी घातली. मखोसिनी खुर्चीवर कायम राहिले. हे मला अक्षम्य वाटतं.

पाटीलबुवा:
साफ असहमत. त्या वेळचा नकाशा बघा. तीन बाजूंना वर्णभेदी दक्षिण आफ्रिका, पूर्वेला पोर्तुगीजांचं मोझांबिक. १९६३ च्या कामगारांच्या संपात ब्रिटिशांनी केनियातून सैन्य आणलं होतं. अशा ठिकाणी राजाच्या इम्बोकोद्वो पक्षाने १९६४ ला गोऱ्या वसाहतवाल्यांशी जुळवून घेतलं, आणि निवडून आल्यावर त्यांना बाजूला सारून स्वातंत्र्य मागितलं. रक्त न सांडता मिळवलं! १९६७ ला सुमारे ८० टक्के मतं आणि सगळ्या २४ जागा. लोकांना राजा हवा होता, हे मान्य करायला इतकं जड का जातं?

सुगी:
पाटीलबुवा, ८० टक्के मान्य. पण उरलेल्या २० टक्क्यांना एकही जागा नाही, कारण मतदारसंघ मोठे आणि प्रत्येकी तीन जागांचे. शिवाय जमिनीचा मुद्दा तुम्ही सोडलात. स्वाझी राष्ट्रभूमी राजाच्या नावावर, वाटप गावच्या सरदाराकडे. घर आणि शेत ज्याच्या शब्दावर, त्याच्याच पक्षाविरुद्ध कोण मत देईल? त्या ३ जागा आल्या म्पुमलांगातून, जिथे उसाच्या मळ्यांवर मजुरीवर जगणारी माणसं होती. सरदाराची मिंधी नसलेली. माझ्या मते सगळा इतिहास या एका मतदारसंघात कळतो.

पाटीलबुवा:
जमिनीचा मुद्दा वजनदार आहे, मानतो. तरी सरदारकी म्हणजे नुसता धाक नव्हे. ब्रिटिशांनी १९०७ च्या वाटणीत दोन तृतीयांश जमीन काढून घेतली, तेव्हा पैसे जमवून ती परत विकत घ्यायची मोहीम राजघराण्यानेच चालवली. आणि मखोसिनींच्या हातात होतं तरी काय? १९७६ ला राजाने त्यांच्या जागी कर्नल मफेवू ड्लामिनींना बसवलं, विषय संपला.

रानवाट:
हातात राजीनामा होता. देशाचे पहिले स्वाझी डॉक्टर आणि विरोधी नेते अँब्रोस झ्वाने यांना त्याच राजवटीत साठ-साठ दिवस बिनाखटल्याचं डांबलं जायचं. त्यांच्याकडे ना घराणं होतं ना खुर्ची, तरी ते बोलत राहिले. २००५ ची घटना आली, पण पक्षांना आजही निवडणूक लढवता येत नाही. २०२१ ला रस्त्यावर उतरलेली तरुण पोरं लोकांनी निवडलेला पंतप्रधान मागत होती. तो मुद्दा १९७३ पासून तिथेच आहे, पाटीलबुवा.