1965 च्या कार्डावर ‘बॉब’ क्लेमेंटे: छपाईची चूक की आणखी काही?

कागदवेडा:
बेसबॉल खेळाडूंची संग्रहासाठीची कार्डे काढणाऱ्या टॉप्स कंपनीच्या 1965 च्या संचातील 160 क्रमांकाचे, पिट्सबर्ग पायरेट्स या संघाच्या रॉबर्टो क्लेमेंटेचे कार्ड मला नुकतेच एका जुन्या संग्रहासोबत मिळाले. डावीकडची पांढरी कड उजवीकडच्या कडेच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे आणि वरचा एक कोपरा मऊ पडला आहे. मात्र कागदाला कुठेही घडी नाही. मला कोड्यात टाकले आहे ते नावाने, कारण त्यावर चक्क ‘बॉब क्लेमेंटे’ असे छापलेले आहे. ही छपाईतील चूक मानावी का, आणि तसे असल्यास कार्ड दुर्मीळ ठरते का? शिवाय कारकिर्दीत अवघे 240 होम रन (एकाच फटक्यावर, बहुधा चेंडू कुंपणापार धाडून, पूर्ण फेरी मारत काढलेली धाव) असलेल्या खेळाडूला एवढा मान का दिला जातो, हेही जाणकारांनी सांगावे.

जुनीपेटी:
चूक नाही, आणि म्हणून दुर्मीळही नाही. त्या वर्षीच्या क्लेमेंटेच्या प्रत्येक कार्डावर ‘बॉब’च आहे. त्याच्या 1955 च्या पहिल्या कार्डावर (क्रमांक 164) आणि 1956 च्या कार्डावर ‘रॉबर्टो’ असे नीट छापले होते; 1957 पासून कंपनीने त्याचे ‘बॉब’ केले आणि साठचे दशक सरत येईपर्यंत ते तसेच चालू ठेवले. पोर्तो रिकोतून आलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या खेळाडूचे नाव अमेरिकी प्रेक्षकांच्या जिभेवर सहज बसावे, हा त्यामागचा हिशेब होता. तो स्वतः मात्र रॉबर्टो हेच नाव लावत असे. त्या काळची वृत्तपत्रे त्याचे इंग्रजी बोलणे उच्चाराबरहुकूम मोडकेतोडके छापत, याचाही त्याला राग होता, आणि तो मला रास्त वाटतो. गंमत अशी की हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोरांच्या गौरव-संग्रहालयातील त्याच्या फलकावरही आईकडचे आडनाव आधी घालून ‘रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे’ असे कोरले गेले होते. ‘रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर’ अशी दुरुस्ती व्हायला 2000 साल उजाडावे लागले.

उजवेमैदान:
होम रनच्या आकड्यावरून क्लेमेंटेला जोखणे म्हणजे त्याचे मैदान विसरणे होय. 1970 च्या मध्यापर्यंत पायरेट्सचे घर असलेल्या फोर्ब्स फील्डवर सर्वांत खोल कुंपण 457 फुटांवर होते, त्यामुळे इतरत्र सहज बाहेर गेले असते असे कितीतरी फटके तिथे आतच पडत. त्याने त्या मोकळ्या जागेचाच उपयोग केला: 18 हंगामांत 0.317 ची फलंदाजीची सरासरी राखली आणि 1961, 1964, 1965 व 1967 या चार वर्षी नॅशनल लीगमधील (अमेरिकेतील दोन प्रमुख साखळ्यांपैकी एक) सर्वोत्तम सरासरी त्याचीच होती. याच मैदानावर 25 जुलै 1956 रोजी, तिन्ही बेसवर (धावणाऱ्याच्या थांब्यांवर) सहकारी उभे असताना, त्याने चेंडू मैदानातच ठेवून धावत धावत होम रन पूर्ण केला आणि सामना तिथेच संपवला. त्याची अर्धी महती तर हातमोज्यात, म्हणजे क्षेत्ररक्षणात होती. राइट फील्डच्या (मैदानाच्या उजव्या बाह्यभागाच्या) टोकाकडून थेट तिसऱ्या बेसवर येणाऱ्या त्याच्या फेकीच्या धाकाने धावणारे जागीच थांबत. 1961 ते 1972 अशी क्षेत्ररक्षणासाठीची सलग 12 गोल्ड ग्लव्ह पारितोषिके त्याने मिळवली. 1960 आणि 1971 च्या वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाच्या अंतिम मालिका) मिळून तो 14 सामने खेळला आणि त्या प्रत्येकात त्याने किमान एक हिट (बेस गाठून देणारा फटका) मारली. 1971 मध्ये तर त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

30 सप्टेंबर 1972 रोजी न्यू यॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकविरुद्ध मारलेला डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) ही त्याची 3,000 वी हिट होती, आणि नियमित हंगामातील शेवटचीही. निकाराग्वाची राजधानी मानाग्वातील भूकंपग्रस्तांसाठी आधी पाठवलेली मदत मध्येच गडप होत असल्याचे कळल्यावर तो स्वतःच सामान घेऊन निघाला, आणि 31 डिसेंबरला विमान समुद्रात कोसळून वयाच्या 38 व्या वर्षी गेला. हॉल ऑफ फेमने खेळ थांबल्यावर पाच वर्षे थांबण्याची अट बाजूला ठेवून 1973 मध्येच त्याला प्रवेश दिला.

कागदवेडा:
आभार. ‘बॉब’चा उलगडा झाला. मऊ पडलेला कोपरा दाबून सरळ करावा का?

जुनीपेटी:
कृपया हात लावू नका. दाबलेला कोपरा भिंगाखाली ओळखू येतो आणि प्रत ठरवणारे परीक्षक असे कार्ड ‘फेरफार केलेले’ म्हणून परत करतात. परीक्षकांकडे पाठवण्याआधी, कडा कापलेल्या नाहीत ना हे कळण्यासाठी, कार्ड मोजून पाहा: ते अडीच इंच बाय साडेतीन इंच भरले पाहिजे. तुमची डावी कड रुंद आहे ही त्या दृष्टीने दिलासा देणारीच गोष्ट आहे, कारण कात्री चालवणारा बहुधा आधी तीच कापतो.