मेल एन्क्रिप्ट केला तरी सब्जेक्ट उघडाच कसा?

नवखी_वकील:
मी एका वकिलांकडे ज्युनियर आहे. सरांनी सांगितलं म्हणून क्लायंटचे नाजूक मेल आम्ही एन्क्रिप्ट करून, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नयेत असे कुलूपबंद करून पाठवतो, त्यासाठी ब्राउझरमध्ये जीमेलला जोडून मेलव्हेलोपचं एक्स्टेन्शन टाकलंय, त्यात लिहायचं आणि पाठवायचं, समोरच्यालाही तेच लावून द्यायचं. परवा एका बाईंना मेल टाकला आणि सब्जेक्टमध्ये सवयीने लिहून गेले 'घटस्फोट अर्ज फायनल'. त्यांचा मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. सासूबाई तो हातात घेऊन आल्या, "कसला अर्ज गं हा?" स्क्रीनवर सब्जेक्ट अख्खा, त्याखाली 'बिगिन पीजीपी मेसेज' आणि पुढे अगम्य अक्षरं. मग कुलूप लावलं ते कशाला?? त्यांना फोनवर सॉरी म्हणताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. सेटिंग चुकलं का आमचं?

खटपट्या:
सेटिंग नाही चुकलं, ते असंच आहे. मेलव्हेलोप ज्या पद्धतीने कुलूप लावतं ती पीजीपी, १९९१ सालची, ती मेलचा मजकूर आणि अटॅचमेंट कुलूपबंद करते. कोणाकडून, कोणाला, तारीख, सब्जेक्ट हे सगळं हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या पाकिटावरच्या माहितीत जातं आणि हेडर उघडाच राहतो. पत्ता सर्व्हरला वाचावाच लागतो हे ठीक, सब्जेक्टची त्याला काही गरज नसते, पण तोही त्याच गठ्ठ्यात बसलाय म्हणून उघड्यावर. एस-माइम नावाची दुसरी एन्क्रिप्शन पद्धत आहे, तिचीही वर्षानुवर्षं तीच गत. त्यात तुमचा सब्जेक्टचा रकाना जीमेलचा, मेलव्हेलोप फक्त आपल्या खोक्यातलं बघतं.

पेठेतला_बाप्या:
पाकिटाला लाख लावून सील करायचं आणि वर ठळक लिहायचं, आत सुनेची सोडचिठ्ठी आहे 😄 अहो सब्जेक्टमध्ये 'कागदपत्रं' लिहा आणि सुटा.

नवखी_वकील:
दादा, हसू नका हो. सगळ्यांना 'कागदपत्रं' लिहिलं तर महिन्याभराने मलाच मेल सापडत नाही, कारण आतला मजकूर बंद, जीमेलला सर्च करायला सब्जेक्टच काय तो उरतो.

टिंबटिंब:
थंडरबर्ड हे कॉम्प्युटरवरचं मेल सॉफ्टवेअर वापरून बघा. २०२० ला ७८ व्हर्जन आलं तेव्हापासून पीजीपी आतच आहे, वेगळं काही टाकायला लागत नाही. ते खरा सब्जेक्ट मजकुरासोबत आत बंद करतं आणि बाहेर नुसती तीन टिंबं ठेवतं, उघडलं की खरा दिसतो. अकाउंट सेटिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शनखाली (म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकतो असं कुलूप) आहे, बहुतेक आधीच चालू असेल. फक्त समोरच्याचं सॉफ्टवेअर हे समजणारं हवं, नाहीतर त्याला टिंबंच दिसतात आणि तो वैतागून फोन करतो. आणि जपून, तुम्ही रिप्लाय देताना एन्क्रिप्शन बंद राहिलं तर तोच सब्जेक्ट उघडा होऊन बाहेर जातो, माझं एकदा झालंय. ह्या सगळ्याचं रीतसर इंटरनेट स्टँडर्ड, आरएफसी ९७८८, यायला २०२५ उजाडलं बघा.

खटपट्या:
नवीन अकाउंट काढणार असाल तर टुटा ही मेल सेवा सब्जेक्टही एन्क्रिप्ट करते. तशीच दुसरी सेवा प्रोटॉन मेल, ती नाही करत, तिथे सब्जेक्ट एंड-टू-एंडमध्ये येत नाही. लोक हे न वाचताच निर्धास्त असतात.

जुनी_कारकून:
बाई, ऑफिसात केसचं रजिस्टर असेलच ना? सब्जेक्टमध्ये फाइल नंबर टाक, २१४/३ वगैरे, तुला सापडेल आणि सासूला काही कळणार नाही. पण पाठवणाऱ्याचं नाव तर दिसणारच, ते एन्क्रिप्शन सहसा झाकत नाही. नावापुढे 'ॲडव्होकेट' असेल तर सब्जेक्टची तीन टिंबं करून काय उपयोग? त्यापेक्षा आधी त्यांच्या मोबाइलवर लॉक स्क्रीनची नोटिफिकेशन बंद करून दे, दोन मिनिटांचं काम.

नवखी_वकील:
नोटिफिकेशन काल बंद करून दिली, बाई सध्या माहेरी आहेत. फाइल नंबरही आजपासून सुरू, थंडरबर्ड शनिवारी टाकेन. नावापुढचं 'ॲडव्होकेट' काढूया का म्हणून सरांना विचारलं तर म्हणाले, सनद काय तुझ्या सब्जेक्टसाठी घेतली का मी?