मदत हवी आहे : 'पेव' आणि 'बळद' यांतला नेमका फरक

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवं सगळ्यांना ठाऊक आहेत. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट ऐसपैस. आत पाला-पाचटाचं अस्तर, वर मातीनं लिंपून हवाबंद. हवा नाही म्हणून कीड जगत नाही, पण त्याच कारणानं उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. पाणी शिरलं की सगळं संपतं. 2005 च्या महापुरात पुष्कळ पेवं अशीच गेली.

धान्य साठवायची कणगी वेगळी : विणलेली, शेणानं सारवलेली, जमिनीवर उभी. इथवर गोंधळ नाही.

अडतंय ते बळदापाशी. कोणी भिंतीतल्या कोठाराला बळद म्हणतं, कोणी घरातल्या तळघराला. वाई-कराडकडे काय म्हणतात? आणि पेवाच्या तोंडावरच्या झाकणाला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का?

'क्लासेसचं पेव फुटलंय' हे रोज ऐकतो, तो वाक्प्रचार नको. (त्यातलं पेव म्हणजे गर्दी नव्हे, हे तरी किती जणांना माहीत असेल!) वस्तू दाखवून वापरलेलं, घरातलं वाक्य हवंय. गावाचं नाव आवर्जून लिहा.