जून बर्थस्टोन : आजीच्या चिंचपेटीतले मोती वापरू का? मदत हवी आहे (बडोदा)

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. भाचीचा जन्म जूनचा, ती शिकायला टोरोंटोला आहे आणि तिकडे जन्माच्या महिन्याचा खडा घालायची पद्धत आहे, तर यंदा वाढदिवसाला तिने माझ्याकडे हक्काने बर्थस्टोनचं काहीतरी मागितलंय, रोज घालता येईल असं. जूनचे तीन असतात, मोती, मूनस्टोन आणि अलेक्झांड्राइट. ही यादी ग्रहांवरून नाहीये, १९१२ साली अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने ठरवली आणि अलेक्झांड्राइट तर १९५२ ला त्यात घातला, त्यामुळे रास काय, मोती लाभेल का हे प्लीज नको, ते आईने गुरुजींना विचारून झालंय.

अलेक्झांड्राइट ऑनलाइन बघितला. दिवसाच्या उजेडात हिरवट आणि दिव्याखाली लालसर दिसतो, फार सुंदर असतो, पण खरा खूप महाग, आणि स्वस्तात जे मिळतात ते बहुतेक लॅबमध्ये बनवलेले असतात. तो विषय मी सोडला. मूनस्टोन परवडतो, पण आईचं म्हणणं घरात मोती असताना बाहेरून खडा कशाला आणायचा, आणि मलाही ते पटतं.

तर घरात आजीची चिंचपेटी आहे. दोरा कुजलाय, मधले काही मोती हरवलेत, मागचा फासा तुटलाय, त्यामुळे तशी कोणीच घालत नाही. मोती बसरा, म्हणजे आखाती समुद्रातले नैसर्गिक, आहेत असं आजी सांगायची. बारीक आहेत, किंचित पिवळसर, अगदी गोल नाहीत, पण पाणी, म्हणजे चमक, अजून इतकं छान आहे की खिडकीशी धरून बघतच बसावं. भाचीला तिच्या पणजीचे मोती मिळावेत ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

घडियाळी पोळेत एका सोन्याच्या दुकानात दाखवले. ते म्हणाले सगळ्यात मोठा मोती अंगठीत बसवू, बाकीचे पेंडंटला घेऊ, भोकं फार बारीक आहेत ती मोठी करू म्हणजे जाड तार जाईल, कमी पडतील तिथे कल्चर (माणसाने शिंपल्यात मुद्दाम तयार करवलेले) मोती घालू आणि सगळ्यांना एकदा पॉलिश मारून देऊ. बोलायला चांगले होते पण माझं मन काही तयार होईना, म्हणून मोती घेऊन परत आले. माझे प्रश्न :

अंगठी रोज घातली तर मोती टिकेल का? भोक मोठं करू द्यावं का? बसरा आहेत का कल्चर, हे नक्की कसं कळणार? आणि जुना दागिना मोडावा का, कारण काकूंना ते अजिबात पसंत नाही.

मोगरा : अंगठी नका करू ताई. मोती म्हणजे शिंपल्यात थरावर थर साचलेलं कॅल्शियम कार्बोनेट, कडकपणाच्या १ ते १० अशा मोहस मापावर जेमतेम २.५, साधारण आपल्या नखाइतका. धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात ते ७ चे, म्हणजे नुसती धूळ घासली तरी चरे पडतात, आणि वर घाम, सॅनिटायझर, लिंबू, परफ्यूम, हे सगळं मोत्याला खातं. बोटातला मोती काही वर्षांत निस्तेज होतोच, तोच गळ्यात किंवा कानात असला तर पुष्कळ टिकतो. पॉलिश तर अजिबात मारू देऊ नका, वरचा थर गेला की पाणी गेलं आणि ते परत येत नाही. डागकाम (सोनं तापवून सांधणं) करताना मोती आधी काढून घ्यायचे, आच लागली की संपलं.

सुरसागर : भोकाबद्दल सांगतो, आमच्याकडे पिढीजात हेच काम. जुन्या मोत्यांची भोकं मुद्दाम बारीक पाडायचे कारण मोती वजनावर विकला जायचा, भोक मोठं म्हणजे वजन कमी. आता मोठं करायला गेलं तर तडा जायची भीती असते, बारीक मोत्यात तर जास्तच. त्यापेक्षा नथीत जशी बारीक तार ओवतात तशी सोन्याची तार घालून घ्या, १८ कॅरेटची घ्या, २२ ची इतकी बारीक तार मऊ पडते. दात घासून बघायची जी परीक्षा सगळे सांगतात त्याने फक्त काचेचा किंवा प्लास्टिकचा मोती ओळखू येतो, कल्चर मोतीपण दाताला खरखरीतच लागतो. बसरा का कल्चर हे एक्स-रेशिवाय खात्रीने सांगता येत नाही. जीआयए या रत्न तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मुंबईच्या लॅबमध्ये मोती तपासतात. पण पेंडंटच करायचं असेल आणि विकायचं नसेल तर तो खर्च कशाला? आजीचं लग्न कधीचं? कल्चर मोती विसाव्या शतकात बाजारात आले, त्याआधीचा दागिना असेल तर जवळपास उत्तर मिळालंच.

मोगरा : आणि मोडण्याबद्दल काकूंना हे सांगा. बडोद्याच्या खंडेराव महाराजांचा मोत्यांचा हार मूळचा सातपदरी होता, त्यातलेच ६८ मोती घेऊन दोनपदरी हार केला आणि तो २००७ साली न्यूयॉर्कला लिलावात ७१ लाख डॉलरला गेला. बडोद्याच्या राजघराण्याचे मोती नवीन घडणीत गेले तर आपले का नाही? मोती परत ओवायचेच असतात हो, दोरा कधी ना कधी जातोच.

खूप खूप आभार दोघांचे, काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. आजीचं लग्न १९२९ चं, तोवर कल्चर मोती बाजारात आले होते, त्यामुळे नुसत्या तारखेवरून खात्री होत नाही, पण विकायचे नाहीत म्हणून सुरसागर म्हणतात तसं लॅबची गरज वाटत नाही. काकूपण हाराचं ऐकून बऱ्याच विरघळल्या, फक्त म्हणाल्या की चिंचपेटीची सोन्याची पट्टी वितळवायची नाही, ती तशीच ठेवायची, आणि हे मला मान्य आहे. अंगठी रद्द. आता चांगले मोती निवडून छोटंसं पेंडंट आणि कानात दोन कुड्या, सगळं बारीक तारेत, बाहेरून कल्चर मोती एकही घालायचा नाही, जेवढे पुरतील तेवढंच करायचं. उरलेले मलमलीत गुंडाळून ठेवते, प्लास्टिकच्या पिशवीत बंद राहिले की कोरडे पडून तडकतात असं आई म्हणते. भाचीला सांगून ठेवलंय की परफ्यूम आधी आणि मोती शेवटी, काढले की मऊ कापडाने पुसायचे.

एकच राहिलं. मांडवी, दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या बाजूला समोर बसवून काम करून देणारे जुने पटवे (दागिने ओवणारे) किंवा नथ करणारे कारागीर कोणाला माहीत आहेत का? मोती दुकानात ठेवून यायची माझी तयारी नाही, दिवसभर बसावं लागलं तरी चालेल. पत्ता इथे नको, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.