मुलाच्या जन्मदाखल्यावर माझं वेगळं नाव आहे, स्पेनच्या व्हिसासाठी काय करावं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही मानेवाड्याचे. नवऱ्याला वालेन्सियात नोकरी मिळाली आहे. सप्टेंबरमध्ये तिथल्या शाळा सुरू होतात, त्याआधी मी आणि मुलगाही तिकडे पोचावं असं ठरलंय. ह्यांचा परवाना उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांसाठीच्या स्पेनच्या 2013 च्या कायद्याखाली होतोय, त्यात बायको-मुलांचा अर्ज सोबतच करता येतो. गेले तीन आठवडे मी कागदांच्याच मागे फिरून राहिले. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळालं, डॉक्टरांचं प्रमाणपत्रही होऊन जाईल. अडलंय ते माझ्या नावापाशी.

नीटच सांगते. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवीन नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलेलं. घरात, शेजारी, भिशीत मला सगळे त्याच नावाने हाक मारतात आणि मला ते आवडतं. पण कागदावर ते कधी चढलंच नाही. दहावीच्या सनदेपासून विवाह नोंदणी, आधार, पासपोर्टपर्यंत पहिलं नाव माहेरचंच राहिलं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव तेवढं बदललं.

मुलगा धंतोलीतल्या एका दवाखान्यात झाला. सिझेरियन होतं, मी गुंगीत. फॉर्म नणंदेने भरला आणि आईच्या नावाच्या रकान्यात तिच्या तोंडात बसलेलं, घरातलं नाव लिहिलं. तेच मनपाच्या जन्मदाखल्यावर आलं. नऊ वर्षं कोणी काही विचारलं नाही. पासपोर्टच्या वेळी तर आईचं नाव माझ्या पासपोर्टप्रमाणे बरोबर लागलं, म्हणून माझंही लक्ष गेलं नाही.

आता हा दाखला अपॉस्टिल करून (म्हणजे परदेशात कागद खरा धरावा म्हणून सरकारचा शिक्का घेऊन) स्पॅनिश भाषांतरासह द्यायचा आहे. त्यावरची आई आणि पासपोर्टवरची मी, कागदोपत्री दोन वेगळ्या बाया. परवा रात्री दोन्ही कागद ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवून बघत बसले होते. ज्याला नऊ महिने पोटात वागवलं त्याची आई मीच आहे, हे आता परक्या देशाला पटवून द्यायचं, ह्या विचाराने रडूच आलं.

एक एजंट म्हणतो, गॅझेटमध्ये नाव बदलल्याचं छापून घ्या. दुसरा म्हणतो, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं ॲफिडेव्हिट करा, भागते. तिसऱ्याचं म्हणणं, आहे तसाच द्या, तिकडे कोण बारकाईने वाचून राहिलं? हे शेवटचं मला मुळीच पटलं नाही. दाखल्यावर इंग्रजीतही नाव असतं. पहिल्या दोघांत मात्र गोंधळले आहे. ज्यांनी स्वतः हे निस्तरलं आहे त्यांनी कृपा करून सांगा.

दुसरं, मुलाच्या शाळेचं. तो चौथी झाला. रोज संध्याकाळी मोबाइलवर स्पॅनिश शिकतो आणि आजीजवळ बसून शब्द सांगतो. त्या शेंगा फोडत ऐकतात. बटाट्याला ‘पताता’, पावाला ‘पान’, पैसे देणे म्हणजे ‘पगार’! हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले आणि स्पॅनिश ही त्यांच्या भाषेची सख्खी बहीण, हे मी समजावून सांगितलं तर आजी म्हणाल्या, “मग पोराचं निभेल तिथं.” त्या इथे नणंदेकडे राहणार आहेत, त्यामुळे हे बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला होता. पण वालेन्सियाच्या शाळांत स्पॅनिशबरोबर वालेन्सियन भाषाही असते असं वाचलं. नऊ वर्षांच्या मुलावर दोन्हींचा एकदम भार पडेल का? आतापासून काय करून घेऊ?

आणि सासूबाईंना मुलासोबत तूप आणि संत्रा बर्फी द्यायची आहे. चालेल का?

प्रतिसाद, नागपूरच्या महाल भागातून

ताई, गॅझेटच्या मागे लागू नका. तुमचं नाव सरकारदरबारी कधी बदललंच नाही, मग बदललं म्हणून छापायचं कशाला? उलट आणखी एक भानगड उभी राहील. चूक दाखल्यात आहे, तर दाखलाच दुरुस्त करा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969, कलम 15. मनपाच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज द्यायचा, सोबत तुमची सनद, पासपोर्ट, विवाह नोंदणी, आणि खरी गोष्ट माहीत असलेल्या दोन विश्वासाच्या माणसांचं निवेदन. माझ्या बहिणीचं असंच केलं होतं. ॲफिडेव्हिट जोडा, पण नुसत्या ॲफिडेव्हिटवर राहू नका.

क्रम चुकवू नका. आधी दुरुस्ती, मग नवीन प्रत, त्यावर राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, आणि भाषांतर सगळ्यांत शेवटी, कारण अपॉस्टिलचंही भाषांतर लागतं. जुन्या प्रतीवर अपॉस्टिल केलं तर पैसे पाण्यात.

प्रतिसाद, वालेन्सियातून

वरच्या दादांशी सहमत. भाषांतर कुणाकडूनही करून घेऊ नका. स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेले शपथबद्ध भाषांतरकार असतात, त्यांना ‘त्रादुक्तोर हुरादो’ म्हणतात. त्यांची यादी मंत्रालय प्रसिद्ध करतं.

इथल्या फॉर्मवर दोन आडनावांचे रकाने असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. तुम्ही पासपोर्टवर आहे तसंच लिहा. दुसरा रकाना भरायचा म्हणून त्यात नवऱ्याचं किंवा माहेरचं काही घालू नका. एकदा ते ओळखपत्रावर चढलं की बँकेपासून शाळेपर्यंत निस्तरत बसावं लागतं.

शाळेची काळजी करू नका, वर्ग जन्माच्या वर्षावरून ठरतो. दोन्ही भाषा असतात हे खरं, पण शहरात खेळाच्या मैदानावर स्पॅनिशच जास्त ऐकू येते. आधी तीच पक्की करा. आपल्या मुलांना एक मोठा फायदा आहे: स्पॅनिशमधले ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दाताला जीभ लावून होतात. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन ‘असणे’ मात्र आत्ताच घोटून घ्या, तिथे सगळे अडतात. आल्याबरोबर नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करा, शाळेला ती लागते. परदेशी नागरिकाच्या ओळखपत्राचा अर्ज महिन्याच्या आत द्यायचा असतो.

तूप आणि खव्याची बर्फी आणू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. डाळी, मसाले आणा.

मूळ धागा लिहिणारी

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आज सकाळीच झोन ऑफिसात जाऊन आले. दादांनी सांगितलं तेच तिथेही सांगितलं. एक गोष्ट मला माहीत नव्हती: मूळ नोंद खोडत नाहीत, तिच्या समासात दुरुस्ती लिहून सही करतात. म्हणजे रजिस्टरात दोन्ही नावं राहतील.

घरी आल्यावर सांगितलं की दोन माणसं लागतील. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, कपाटातून चष्मा काढला आणि नणंदेला फोन लावून म्हणाल्या, “उद्या दहाला तयार राहा. आपल्या दोघींच्या सह्या लागतात.”