मिलर्स डेल: एवढ्याशा वस्तीला पाच फलाट कशाला?

घाटवाट: इंग्लंडच्या डर्बीशरमधलं मिलर्स डेल स्थानक 1967 पासून बंद आहे. वाय नदीकाठी मोजकी घरं, तरी फलाट पाच! हे कसं? आणि जुना आराखडा कुठे मिळेल?

सांधेवाला: वस्ती बाजूला ठेवा, रूळ कुठून कुठे जातात ते बघा. मिडलंड रेल्वे ही कंपनी 1863 मध्ये रोझ्लीहून बक्स्टनला पोचली. 1867 मध्ये पीक फॉरेस्टमार्गे मँचेस्टरला प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि बक्स्टन मुख्य मार्गावरून सुटून शाखामार्गावर पडलं. लंडन किंवा डर्बीहून बक्स्टनच्या झऱ्यांवर जाणारे लोक मग मिलर्स डेलला गाडी बदलू लागले. फलाट त्यांच्यासाठी. वाहतूक वाढल्यावर 1905 मध्ये जुन्या लोखंडी पुलाच्या उत्तरेला दुसरा पूल उभा राहिला, दोनाचे चार रूळ झाले आणि फलाटही वाढले.

कोळसावॅगन: बंद होण्याचं खापर नुसतं 1963 च्या बीचिंग अहवालावर (ब्रिटनमधले तोट्यातले मार्ग बंद करायला सांगणारा) फोडू नये. मँचेस्टर–युस्टन (लंडनचं स्थानक) या दुसऱ्या मार्गाचं विद्युतीकरण चालू होतं तोवर निळी मिडलंड पुलमन ही आलिशान गाडी याच दरीतून धावायची, 1960 ते 1966. विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि लंडन–मँचेस्टर प्रवासी तिकडे वळले. स्थानक 6 मार्च 1967 ला बंद, पुढच्या वर्षी मार्गही. इतका देखणा मार्ग असा सोडून द्यायला नको होता.

सांधेवाला: आराखड्यासाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचे 25 इंची (मैलाला 25 इंच) नकाशे पाहा, इंग्लंडचेही तिथेच आहेत. 1905 च्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा. एकच घेतली, तर एक पूल आणि काही फलाट जागेवर जुळत नाहीत, इथेच बरेच जण अडकतात. मिडलंडची मूळ कागदपत्रं लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘रेल 491’ या मालिकेत आहेत.

घाटवाट: आभार. प्रत्यक्ष जायचं तर?

कोळसावॅगन: रुळांच्या जागी आता मॉन्सल ट्रेल ही पायवाट आहे, फलाटांच्या कडा अजून दिसतात. जुनी मार्गदर्शिका मात्र नेऊ नका. लांब बोगदे 2011 मध्ये खुले झाले. त्याआधीची पुस्तकं डोंगरावरून वळसा घालायला लावतात. बोगद्यांत दिवे दिवसाच असतात, उशीर होणार असेल तर विजेरी घ्या.